पाखरीच्या मानेवरचा भोवरा

माणसाचा इतिहास घोड्याच्या पाठीवर बसून पुढे आला आहे. राज्यं घोड्याने जिंकली, घोड्यानेच राखली, आणि जिथे घोडा दमला तिथे नकाशावरची रेघ थांबली. सोलापुरात मात्र घोडा, म्हणजे घोडीच, नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मंगल कार्यालयापर्यंत नेते, वाटेत बँडच्या ट्रम्पेटला दोनदा बुजते, आणि नवरदेव उतरला की मांडवामागे उष्ट्या पत्रावळींपाशी उभी राहते. इतिहास तोवर पहिल्या पंगतीला बसलेला असतो.

महेश्वरी या धंद्यात शिरली ती घोड्याला हात न लावता. पुण्याच्या कंपनीने तिला पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या, तेव्हा पुढील वाटचाल म्हणजे जुळे सोलापुरातला आईचा फ्लॅट असं निघालं. बाल्कनीत टेबल टाकून ती लोकांना वेबसाईट करून द्यायला लागली. पहिलं गिऱ्हाईक मुलांना घोडेस्वारी शिकवणारं होतं. त्याने खोगीरवाल्याला सांगितलं, खोगीरवाल्याने नाल ठोकणाऱ्याला, नाल ठोकणाऱ्याने आणखी कुणाला. एखाद्या वकिलाला एक घटस्फोट नीट जमला की गावातले सगळे बिनसलेले संसार त्याच्याच दारात येतात, तसं झालं. तिची आई शरणम्मा शेजाऱ्यांना "मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगे. स्थळं घेऊन येणाऱ्यांना घोड्यांचं सांगत नसे.

महेश्वरीची कामाची एक ठरलेली पद्धत होती. एकच तयार साचा, डावीकडे मजकूर, उजवीकडे मोठा फोटो. घोड्याचं तोंड मजकुराकडे हवं, हा तिचा नियम. नाहीतर घोडा आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून निघाला आहे असं वाटतं. फोटोत घोडा दुसरीकडे बघत असेल तर ती एक बटण दाबून फोटो आरशातल्यासारखा उलटा करी. आजवर कुणीही तक्रार केली नव्हती. घोडे इंटरनेट बघत नाहीत.

मग बिरप्पा आला.

बिरप्पा चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीने कामाला होता. बापजाद्यांची मेंढरं कधीच गेली होती. मागे एक पांढरी घोडी राहिली होती, तिचं नाव पाखरी. अक्कलकोट रोडला नाक्याच्या पलीकडे त्याची आई मायाक्का, पाखरी आणि तो असे तिघं एका आवारात राहत. पगारात घर चाले, आणि लग्नसराईत घोडीच्या वराती मिळाल्या की वर्षभर घोडी चाले.

पाखरीचा फोटो त्याने स्वतः काढून आणला होता. घोडीला न्हाऊ घातलेलं, आयाळ सगळी डाव्या अंगाला विंचरलेली, उजवी मान उघडी. महेश्वरीने फोटो साच्यात टाकला. पाखरी मजकुराकडे पाठ करून होती. महेश्वरीने बटण दाबलं. पाखरी वळली. 'पाखरी, शुभकार्याची घोडी' अशी वेबसाईट तुळशीच्या लग्नाच्या आधीच सुरू झाली, आणि बिरप्पाने ती नातेवाइकांच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर टाकली.

पहिला फोन एका ठरलेल्या वरातीवाल्यांचा होता. मुलाचा विचार बदलला, गाडीच सजवतो म्हणाले. दुसऱ्यांनी कारणच दिलं नाही. तिसरी एक बाई होती. ती हळू आवाजात म्हणाली, "घोडी ठेवा तुमच्याकडंच. आणि दादा, तुमी पण जपून राहा." मग फोन ठेवला.

बिरप्पाने हे सगळं महेश्वरीला फोनवर सांगितलं आणि विचारलं, "ताई, वेबसाईटीवर कायतरी वंगाळ छापलंय का?"

"छे, दादा. फक्त तुमचा नंबर आणि घोडीचा फोटो आहे."

"मग लोकं असं का बोलायलीत?"

लोकं आता उघड बोलत होती. गेल्या सराईत पाखरीवर बसलेल्या एका नवरदेवाचे आजोबा लग्नानंतर वारले होते. आजोबा नव्वदीच्या पुढे होते आणि साखरपुड्याच्याही आधीपासून ऑक्सिजनवर होते. पण आधी घोडी आली आणि मग मरण आलं, हा क्रम कुणाला नाकारता येत नव्हता. दुसऱ्या एका लग्नात मांडवाच्या वायरीने पेट घेतला होता. तिसऱ्या घरची सून माहेरी निघून गेली होती. त्या सुनेची सासू कोण हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनीही दोष घोडीलाच दिला. आवारासमोरून जाणाऱ्या बायका लेकरांना पलीकडच्या हाताला घेऊन चालू लागल्या. कोपऱ्यावरचा पेंडवाला पेंड देई, पण नजर देत नसे.

त्याच सुमारास महेश्वरीला फोन येऊ लागले.

अनोळखी नंबर असे. ती "हॅलो" म्हणे. पलीकडे कुणी बोलत नसे. फक्त श्वास, आणि मागे कुठेतरी घुंगरं. पायातल्या पैंजणाची नव्हेत, जड, पितळी, खूप सारी घुंगरं, वाऱ्याने हलल्यासारखी. मग फोन बंद. एके दुपारी तोच आवाज फोन नसताना आला. ती बाल्कनीत आली. खाली, समोरच्या लिंबाच्या सावलीत, ताडपत्रीने चारी बाजूंनी आवळून बांधलेला एक टेम्पो उभा होता. टेम्पोच्या कपाळावर पितळी घुंगरांच्या माळांवर माळा लटकत होत्या. ती बघत असतानाच टेम्पो हळूहळू निघून गेला.

"अय्यो, कुणाचा गं?" शरणम्माने मागून विचारलं. "सामान हलवतायत का कुणी?"

"माहीत नाही."

"सामान हलवणारे एवढे नटत नाहीत."

महेश्वरीने बिरप्पाला घुंगरांचं सांगितलं. पलीकडून आधी नुसता श्वास आला, आणि तिला क्षणभर वाटलं की आता इथेही घुंगरं वाजणार.

"टेंपू ताडपत्रीचा व्हता?" बिरप्पाने विचारलं.

"हो."

"ताई, तुमी आवारात या. फोनवर त्येचं नाव घ्यायला नगं."

आवारात गेल्यावरही नाव त्याने घेतलं नाही, मायाक्काने घेतलं.

"संगप्पा. दुधनीचा. खोडीची जनावरं घेतो." ती पाखरीच्या पायाशी बसून होती, आणि बोलताना घोडीच्या पोटाखालून महेश्वरीकडे बघत होती. "ज्येच्या घरात घोडी नडली, त्यो संगप्पाला बलावतो. त्यो दोर लावत न्हाय, चाबूक आणत न्हाय. जनावराच्या कानात कायतरी बोलतो, आन् ते आपल्या पायानं टेंपूत चढतं. गळ्यातली घुंगरमाळ तेवढी काढून घेतो, टेंपूला बांधतो. पुना ती घोडी कुणी बगितली न्हाय."

"नेतो कुठं?"

"कुणी इचारत न्हाय, बाय. इचारायचं नसतं. आमची हरणी दिली व्हती मालकांनी त्येला. डाव्या भोवऱ्याची निगाली म्हून. त्या दिवसापासनं मालकांनी घोड्याचं नाव काडलं न्हाय. मराय टेकले तवा तेवढं म्हनले, 'हरणीला पानी दिलं का?'"

बिरप्पा तोंड फिरवून उभा राहिला.

"डावा भोवरा म्हणजे काय, मावशी?" महेश्वरीने विचारलं.

मायाक्का उठली. तिने पाखरीच्या मानेवरची आयाळ बाजूला सारली आणि एका जागी बोट टेकवलं. केसांचा एक गोल भोवरा होता, रुपयाएवढा, पाण्यात खडा पडावा तसा.

"ह्यो बग. उजव्या अंगाला हाय. उजवा भोवरा म्हंजी लक्षुमी दारात येऊन बसलेली. डाव्या अंगाला असला की तीच लक्षुमी दार वढून घेऊन जाती. म्हून तर आयाळ डावीकडं विंचारली फोटूत. भोवरा दिसाय नगं का लोकांना? त्येच बगून तर वरात ठरवत्यात."

महेश्वरीने लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर पाखरी मजकुराकडे बघत उभी होती. भोवरा अगदी स्वच्छ दिसत होता. डाव्या मानेवर.

तिने घोडीकडे बघितलं. पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. पाखरीने मान वळवली आणि तिच्याकडे एकदा बघितलं. घोडीच्या नजरेत राग नव्हता. त्यामुळे आणखीच वाईट वाटलं.

"काय झालं, ताई?" बिरप्पा म्हणाला.

इथे खरं सांगून टाकायचं होतं. पण वेबसाईट करणाऱ्यांच्या धंद्यात, सगळा दोष कॉम्प्युटरने साठवलेल्या जुन्या पानांवर ढकलणारं एक पिढीजात वाक्य असतं, ते तोंडातून आपोआप पडतं.

"कॅशेचा प्रॉब्लेम दिसतोय," महेश्वरी म्हणाली.

"त्यो कोन?" मायाक्काने विचारलं.

"कुणी नाही. मी दुरुस्त करते."

तिने तिथेच बसून फोटो सरळ केला. घरी जाऊन बाकीच्या गिऱ्हाइकांचे सगळे घोडे एकेक करून सरळ केले. घोडेस्वारी क्लासचा काळा घोडा, खोगीरवाल्याचं तट्टू, सगळे पुन्हा मजकुराकडे पाठ करून उभे राहिले. झालं ते संपलं असं तिला वाटलं.

लोकांनी जुना फोटो जपून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावून फिरू लागले. खाली लिहिलं होतं: 'खोड लपवली. बघा आणि सावध व्हा.' तोवर निदान काही लोक बघू, विचारू असं म्हणत होते. आता कुणाच्याच मनात शंका राहिली नाही. ज्याने भोवरा डावीकडून उजवीकडे नेला तो माणूस काय काय करू शकेल, असं लोक बोलू लागले. बिरप्पा लोकांना हात जोडून म्हणे, अहो, आवारात या, घोडी उभी आहे, डोळ्यांनी बघा. लोक म्हणत, घोडी कशाला बघायची, फोटो आहे की.

उरलेल्या वरातीही गेल्या. मायाक्काने जेवण सोडलं. ती भाकरी करी, पाखरीला घाली, आणि पातेलं पालथं घाले.

मग एका सकाळी बिरप्पाचा फोन आला. आवाज सपाट होता.

"ताई, वेबसाईट बंद करा. आज दुपारी त्यो येतोय."

"कोण?"

"मीच बलावलंय. सराईच गेली तर हिला वरीसभर घालू काय? आईबी भाकर खाईना. एक जनावर जाईल न्हायतर आई जाईल."

महेश्वरी रिक्षाने निघाली. रस्ताभर ती मनात वाक्य जुळवत होती आणि प्रत्येक वाक्यातून कॅशे काढून टाकत होती.

ती पोचली तेव्हा टेम्पो आवाराच्या तोंडाशी लागलेला होता. घुंगरं वाऱ्याने हलत होती. रस्त्यापलीकडे माणसं जमली होती. मयताला जमतात तशी, खांद्यावर टॉवेल टाकून. मायाक्का पाखरीच्या गळ्यात हात घालून उभी होती. बिरप्पा माळ सोडत होता, आणि गाठ सुटत नव्हती.

टेम्पोतून एक उंच, हडकुळा माणूस उतरला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, चपला नीट पुसलेल्या. त्याने सगळ्यांना नमस्कार केला. महेश्वरीवर त्याची नजर येऊन थांबली, आणि हलली नाही.

"थांबा!" महेश्वरी ओरडली. "दादा, माळ सोडू नका. मावशी, चूक माझी आहे. फोटो मी उलटा केला होता. घोडीचं तोंड मजकुराकडे दिसावं म्हणून. नुसतं तेवढ्यासाठी. भोवरा उजव्याच अंगाला आहे, पहिल्यापासून. कॅशेबिशे काही नव्हतं."

बिरप्पाचे हात थांबले. मायाक्का तिच्याकडे बघत राहिली.

"तोंड दिसावं म्हून?" ती म्हणाली.

"हो."

"घोडीचं तोंड लोकांकडं करायला गेलीस, आन् लोकांची तोंडं फिरवलीस व्हय गं बाय."

तोवर संगप्पा पुढे झाला होता. "उजव्या?" एवढंच म्हणाला. तो पाखरीजवळ गेला. मायाक्का आडवी आली, तर त्याने तिला हात जोडले आणि तसाच उभा राहिला. शेवटी तीच बाजूला झाली. त्याने आयाळ सारली. मान एका अंगाने बघितली. मग फिरून दुसऱ्या अंगाने बघितली. बोटाने भोवरा दाबून बघितला, रंगवलेला आहे का म्हणून. रस्त्यापलीकडची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

संगप्पाने हात झटकले. त्याच्या चेहऱ्यावर इतकं दुःख होतं, की बिरप्पाच घाबरला.

"मी न्हेत न्हाय," संगप्पा म्हणाला.

"का? वंगाळ काय हाय?"

"वंगाळच कायबी न्हाय की. ही सरळ घोडी हाय. माझ्या कामाची न्हाय. तुमी फोटूत डावा दाखवला म्हून मी दुधनीपासनं डिझेल जाळत आलो."

"डाव्या भोवऱ्याची घोडी घिऊन तुमी करता काय पण?" मायाक्काने विचारलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं, आणि विचारून झाल्यावर पदर तोंडावर घेतला.

संगप्पाने रस्त्याकडे एकदा बघितलं, मग आवाज उतरवला.

"लग्नाला लावतो."

"काय?"

"मी जिकडं न्हेतो ना आजी, हद्दीच्या पलीकडं, आमच्या पाव्हण्यांच्या गावात डावा भोवराच शुभ मानत्यात. तितं उजव्यावर कुणी बसत न्हाय. तुमी हितं रडत देताव, तितं तिची आरती व्हती." त्याने शर्टाच्या खिशातून मोबाईल काढला, बोटाला थुंकी लावून फोटो सरकवले आणि एक मायाक्कासमोर धरला. फोटोत एक म्हातारी तांबडी घोडी होती. झूल, झालर, कपाळावर चांदीचा पत्रा, पाठीवर घामाघूम नवरदेव.

मायाक्का मोबाईल डोळ्यांशी नेऊन बघत राहिली. तिचे ओठ हलले.

"हरणी."

टेम्पोची घुंगरं तेवढी वाजत होती.

"लई जाड झाली," मायाक्का म्हणाली, आणि रडायला लागली.

"आन् कानात काय सांगताव त्यांच्या?" बिरप्पाने विचारलं.

"कानात? काय न्हाय की. मुठीत गूळ असतोय." त्याने मूठ उघडून दाखवली. पाखरीने तेवढ्यात तो खाऊनही टाकला.

रस्त्यापलीकडे कुजबुज सुरू झाली होती. संगप्पाने नाकारली. संगप्पाने! आजवर ज्याने कसलंही जनावर परत पाठवलं नव्हतं, त्याने या घोडीची मान दोन्ही अंगांनी तपासली आणि हात झटकले. यापेक्षा मोठा दाखला सोलापुरात कुणाला मिळाला असेल? पेंडवाला रस्ता ओलांडून आत आला आणि पाखरीला नुसताच हात लावून गेला. बिरप्पाचा फोन वाजला. गाडीच सजवणार होते तेच लोक होते. मुलाचा विचार पुन्हा बदलला होता. बिरप्पाने माळेची अर्धवट सैल झालेली गाठ एका हाताने परत आवळली.

महेश्वरी हळूच बाहेर पडली. माफी मागून झाली होती, पण मिळाली होती की नाही ते तिला कळलं नव्हतं. मागून मायाक्काची हाक आली, "बाय, भाकर खाऊन जा!" म्हणजे मिळाली असावी. ती वळणार इतक्यात जड घुंगरं तिच्या अगदी कानाशी वाजली. टेम्पोचं दार उघडलं होतं, आणि संगप्पा तिच्या वाटेत उभा होता.

"अक्का," तो म्हणाला. "तुमीच त्या वेबसाईटवाल्या?"

"हो." तिने एक पाऊल मागे घेतलं.

"मी तुमच्या बिल्डिंगीखाली आलतो. नाल ठोकणाऱ्यानं नंबर-पत्ता दिला."

"मी बघितलं."

"फोनबी केलते. लई डाव."

"मग बोलला का नाहीत?"

संगप्पाने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

"बाई उचलत्यात म्हून लाजलो. मला वाटलं हापिसात कुणी बाप्या असंल." त्याने चपलेने माती उकरली. "मलाबी एक वेबसाईट करून द्या की. फकस्त हद्दीच्या पलीकडंच दिसंल अशी. हितं कुणाला कळलं तर घोड्या महाग व्हतील."

"तशी करता येते का बघते," महेश्वरी म्हणाली. "फोटो लागतील. घोड्यांचे, आणि एक तुमचा."

"घोड्यांचे कसेबी फिरवा," संगप्पा म्हणाला. मग त्याने टोपी काढली. आत, चकाकत्या टाळूवर, चार केस तेल लावून मोठ्या काळजीने एका बाजूला बसवलेले होते. "माझा तेवढा उलटा करू नका, अक्का. मी भांग डावीकडं पाडतो."